मुंबईतली बाईक वर्षाला १०,००० किलोमीटर चालतेच, हे कशावरून?

जुनी मोटारसायकल घेणाऱ्यांना सल्ला म्हणून एक संदेश व्हॉट्सॲपच्या गटांमधून सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: मुंबईतली बाईक वर्षाला १०,००० किलोमीटर चालतेच, आणि नवे पूल व सागरी मार्ग झाल्यापासून तर त्याहूनही अधिक, मीटरवरचा आकडा या हिशेबापेक्षा कमी दिसला, तर मीटर फिरवलेले, म्हणजे त्याचा आकडा मुद्दाम मागे नेलेला आहे असे समजावे, खरोखरच कमी चाललेली गाडी मिळाली, तर डोळे झाकून घ्यावी, ५०,००० किलोमीटर झाले की इंजिन उघडावेच लागते, म्हणून तशा गाडीच्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याची बाईक वर्षाला ५,००० किलोमीटरही होत नाही, त्याने ती विकून टाकावी. वरवर पाहता हा सल्ला व्यवहारी वाटतो. पण त्याच्या आधारे प्रामाणिक विक्रेत्याला खोटे ठरवले जाते, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे उभी राहिलेली, टायर कडक झालेली गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून ऐन पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या नवशिक्याच्या हाती जाते. त्यामुळे त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात १०,००० या आकड्यापासून करू. मुंबई हे लोकलचे शहर आहे. लांबचा प्रवास गाडीने म्हणजे लोकलने करायचा आणि घर ते स्टेशन एवढ्याच अंतरासाठी बाईक वापरायची, ही मुलुंड, डोंबिवली, बोरिवली, विरार इथल्या असंख्य घरांतली रीत आहे. घरापासून स्टेशन दोन किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन रोजचे चार किलोमीटर होतात, आणि वर्षातले ३०० दिवस गाडी काढली, तरी आकडा १,२०० च्या पुढे जात नाही. याउलट बोरिवलीहून अंधेरीला रोज बाईकनेच कामाला जाणाऱ्याचे दिवसाला २५ ते ३० किलोमीटर होतात; कामाचे २८० दिवस धरले, तर ते ७,००० ते ८,४०० भरतात. पनवेलहून वांद्रे-कुर्ला संकुलात ये-जा करणारा दिवसाला ७० किलोमीटरच्या आसपास चालवतो आणि वर्षाला २० हजारांच्या जवळ पोहोचतो. घरपोच सामान देणारा मुलगा दिवसाला १०० किलोमीटर फिरत असेल, तर वर्षात त्याचे ३०,००० होतात. ही चौघेही माणसे याच महानगरातली आहेत आणि कदाचित चौघांकडेही एकाच बनावटीची १०० सीसीची गाडी असेल. तरी पहिल्याच्या आणि चौथ्याच्या आकड्यात पंचवीस पटींचा फरक आहे. त्यात एखाद्याने गणपतीला सावंतवाडीपर्यंत बाईक नेली, तर जाऊन-येऊन सुमारे १,००० किलोमीटर एकाच फेरीत पडतात, म्हणजे स्टेशनच्या फेऱ्यांचे जवळजवळ दहा महिने. इतक्या विखुरलेल्या आकड्यांची सरासरी काढता येईल, पण त्या सरासरीने समोर उभ्या असलेल्या एका गाडीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

स्वतःच्या गाडीचा आकडा ताडून पाहायचा असेल, तर पेट्रोलचा हिशेब पुरेसा असतो. ज्या गाडीत सुमारे नऊ लिटर पेट्रोल मावते आणि जी ५५ चे ॲव्हरेज देते, ती एका टाकीत ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. टाकी महिन्यातून एकदाच भरत असाल, तर तुमचे वर्षाचे ६,००० किलोमीटर होतात. १०,००० व्हायला महिन्याला दीड टाकीहून अधिक पेट्रोल जाळावे लागते. आपण खरोखर तेवढे भरतो का, हे प्रत्येकाने आपापल्या खर्चावरून पाहावे.

नव्या रस्त्यांमुळे बाईकचे फिरणे वाढले, हा मुद्दा तर उभाच राहत नाही. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग आणि २०२४ मध्ये सुरू झालेले अटल सेतू व किनारी रस्ता या चारही ठिकाणी दुचाकींना मनाई आहे. जे. जे. उड्डाणपुलावरही त्यांना जाता येत नाही, आणि पुण्याला निघालेल्या बाईकस्वाराला द्रुतगती मार्ग सोडून जुना महामार्गच धरावा लागतो. वांद्र्याहून वरळीला जाणारा बाईकवाला आजही माहीम, दादर करतच जातो, आणि शिवडीहून उरणकडे जाणाऱ्याला वाशीच्या खाडीपुलावरून वळसा घालावा लागतो. हे योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. मात्र ज्या रस्त्यावर बाईकला पाऊलच ठेवता येत नाही, त्या रस्त्यामुळे तिचे किलोमीटर वाढले असे म्हणता येत नाही.

आता मीटर फिरवण्याच्या आरोपाकडे वळू. मीटर फिरवले जाते, ही गोष्ट खरी आहे आणि ती उघड फसवणूक आहे. परंतु कमी आकडा हा तिचा पुरावा नव्हे. स्टेशनपुरती चालवलेली सहा वर्षांची गाडी ८,००० दाखवत असेल, तर त्यात संशयास्पद काहीच नाही. दुसरे असे की, जुन्या धाटणीच्या काट्याच्या मीटरला पुढच्या चाकाच्या हबमधून केबल जाते. पावसाचे पाणी शिरून ती गंजते आणि एक दिवस तुटते. गाडी चालण्यात काहीच अडत नसल्यामुळे अनेकजण ती महिनोन्‌महिने बदलत नाहीत, आणि तेवढ्या काळातले अंतर मीटरवर येतच नाही. डिजिटल मीटर खराब होऊन नवे बसवले, तर त्याचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो. अशा वेळी मालकाने आधीच सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, पण न विचारताच त्याला लबाड ठरवणेही अन्यायाचे आहे.

खरा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. मीटर ८,००० दाखवते आणि ब्रेकच्या पेडलवरची नक्षी घासून गुळगुळीत झाली आहे, गिअरच्या रबराला भोक पडले आहे, पाय ठेवायच्या रबरांच्या कडा झिजल्या आहेत, चेन सेटचे, म्हणजे चेन ज्या चक्रांवर फिरते त्यांचे, दात एका बाजूला हुकासारखे वळले आहेत आणि हँडल वळवताना मध्यावर कोनसेट (हँडलच्या दांड्यातले बेअरिंग) अडकल्यासारखा लागतो, तर तिथे आकडा आणि गाडी यांचे जमत नाही, हे स्पष्ट आहे. बाकीची गाडी जुनी आणि ही सगळी रबरे मात्र कोरी करकरीत, असे दिसले तरी विचारायला हवे. कंपनीच्या केंद्रात सर्व्हिसिंग झाले असेल, तर प्रत्येक वेळचा आकडा जॉब कार्डवर लिहिलेला असतो; ती कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावून पाहिली की आकडा कधी मागे गेला का, हे कळते. यासाठी लागणारा अर्धा तास काढण्याऐवजी १०,००० ने गुणाकार करून निकाल देणे सोपे आहे, म्हणूनच तो संदेश इतका पसरला असावा.

‘कमी चाललेली गाडी डोळे झाकून घ्यावी’ हा सल्ला मला या संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो. गाडी चालल्याने झिजते, तशी उभी राहूनही खराब होते, आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ती लवकर खराब होते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१८ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. अशा टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर ते जमीन धरत नाही. डिस्क ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, मग गाडी ५०० किलोमीटर चाललेली असो की २०,०००. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही पाणी ओढते; अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, तर टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज सापडण्याची शक्यता असते. रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन तर धड तापतही नाही, त्यामुळे आत जमलेली ओल बाहेर न पडता इंजिन ऑइलमध्ये मिसळते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी होईल ते, अशी दिलेली असते ती याच कारणाने, आणि कमी चालवणारे मालक नेमके महिन्यांकडे दुर्लक्ष करतात. विमा कंपन्याही गाडीची विमा-किंमत वयावरच ठरवतात: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लागतो, ती कितीही कमी चाललेली असली तरी.

५०,००० किलोमीटरला इंजिन उघडावेच लागते, या दाव्यात एक मूलभूत चूक आहे. मीटर अंतर मोजते. इंजिन किती तास चालले, हे ते मोजत नाही. ट्रॅक्टर आणि जनरेटर यांना तासांचे मीटर असते, कारण त्यांच्या झिजेचा अंदाज तासांवरून येतो. हीच मोजपट्टी बाईकला लावून पाहा. साकीनाका, घाटकोपर, सायन अशा कोंडीतून सरासरी ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या गाडीचे ३०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २,००० तास. महामार्गावर सरासरी ताशी ४५ ने चाललेल्या गाडीचे ६०,००० म्हणजे सुमारे १,३३३ तास. मीटरवर दुसरी गाडी दुप्पट जुनी दिसते, परंतु इंजिन अधिक चालले आहे ते पहिलीचे. शिवाय पहिलीच्या क्लच प्लेट कितीतरी अधिक वेळा दाबल्या-सोडल्या गेल्या आहेत. हवेवर थंड होणारी १०० ते १२५ सीसीची साधी इंजिने वेळेवर ऑइल बदलले, तर ५०,००० नंतरही न उघडता चालतात. इंजिनाचे काम निघाले आहे का, हे सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान ऑइल कमी होते का, थंड इंजिन सुरू करताना आतली टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) खडखडते का, यावरून ठरवावे. ही लक्षणे ३०,००० ला दिसली, तर किंमत पाडून मागावी, आणि ७०,००० ला दिसली नाहीत, तर केवळ आकड्याला घाबरून चांगली गाडी सोडू नये.

राहिला शेवटचा मुद्दा, वर्षाला ५,००० न होणारी बाईक विकून टाकण्याचा. स्टेशनपर्यंत १,२०० किलोमीटर चालवणाऱ्याचाच हिशेब घेऊ. गाडीने लिटरला ५० किलोमीटर दिले, तर त्याला वर्षाला २४ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे लिटरला १०४ रुपये धरून सुमारे २,५०० रुपये. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. रोज दोन वेळा नुसते किमान भाडे दिले, तरी ३०० दिवसांचे १५,६०० रुपये होतात, आणि दोन किलोमीटरला भाडे किमान भाड्यापेक्षा अधिकच पडते. शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण रात्री शेवटच्या लोकलने उतरणाऱ्याला ती मिळेलच असे नाही. बाईकच्या बाजूला विमा, सर्व्हिसिंग आणि स्टेशनबाहेरच्या पार्किंगचा पास हे खर्च धरावेच लागतील. ज्याच्या घरी हे सगळे धरूनही बेरीज रिक्षापेक्षा कमी येते, त्याने मीटर वर्षाला १,२०० नेच वाढते म्हणून बाईक विकण्याचे काही कारण नाही.