चाकू लावल्याने तोंडाचा कॅन्सर परत येत नाही

गेल्या आठवड्यापासून आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दापोली आणि श्रीवर्धनकडच्या नातेवाइकांनाही तोच आलाय. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: तोंडाच्या कॅन्सरला चाकू लावला की तो खवळतो आणि वर्षात परत येतो. डॉक्टर मान उगाच कापतात. शेक (रेडिएशन) घेतला तर त्यानेच नवा कॅन्सर होतो. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणारच, मग सुपारी तरी का सोडायची? आपल्या बागेतली सुपारी नैसर्गिक आहे, दोष तंबाखूचा. वर्षभर काही दिसलं नाही तर सुटलात, मुंबईचे हेलपाटे बंद करा, हळद-लिंबू घ्या.

मी हे सोडून दिलं असतं. पण पलीकडच्या आळीतल्या एका काकांचं जिभेचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालंय, आणि हा मेसेज वाचून ते आता शेक घ्यायला जायचं नाही म्हणून बसलेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. त्यांची फाईल माझ्याकडे असते, आणि तिच्यातला शब्द न् शब्द मी डॉक्टरांना विचारून समजून घेतलाय.

"चाकू लावला की खवळतो." ऑपरेशननंतर काही जणांचा आजार परत येतो हे खरं आहे. ते पाहूनच हा समज झाला असणार. पण तो परत येतो तो मागे राहिलेल्या पेशींमुळे, चाकूमुळे नाही. गाठ डोळ्याला दिसते त्याच्या पलीकडेही तिची मुळं गेलेली असतात. म्हणून सर्जन गाठीभोवतीचा चांगला भागही सोबत काढतात. मग तो तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंत किती अंतर सुटलंय ते मोजलं जातं. ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड मोकळी. त्याहून कमी असेल तर काळजीचं, आणि कडेलाच कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर परत येण्याचा धोका बराच वाढतो. गाठ किती खोल गेली हेही मोजतात. वरून नखाएवढी दिसणारी जखम आत १० मिलिमीटरच्या पुढे गेलेली असू शकते, आणि जेवढी खोल तेवढा धोका जास्त. पेशी नसांच्या कडेने किंवा रक्तवाहिन्यांत शिरल्यात का, मानेतल्या किती लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड, म्हणजे मानेत मुळातच असणाऱ्या बारीक गाठी) पोचल्यात, त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर आल्यात का, हे सगळं त्या रिपोर्टात असतं. आवरण फुटलेलं असणं हे सगळ्यात वाईट लक्षणांपैकी एक.

अण्णांच्या रिपोर्टात कड ७ मिलिमीटर मोकळी होती, खोली ८ मिलिमीटर, मानेतली एक गाठ बाधित पण आवरण शाबूत, आणि नसेच्या कडेने पेशी गेलेल्या. या चार ओळींवरून ठरलं की शेक द्यायचा, केमो नको. कड मोकळी नसती किंवा आवरण फुटलेलं असतं, तर शेकाबरोबर केमोही दिली असती. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी हा रिपोर्ट मागून घ्या आणि या चार गोष्टी डॉक्टरांना विचारा. परत येण्याचा धोका किती, याचं पहिलं उत्तर त्या कागदावर असतं.

"मान उगाच कापतात." या मुद्द्याचं उत्तर आपल्याच मुंबईतून आलेलं आहे. तोंडाची गाठ लहान आहे आणि मानेला हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांवर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अभ्यास झाला. निम्म्या लोकांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. उरलेल्यांच्या बाबतीत थांबले, आणि मानेत गाठ उठली तरच ऑपरेशन केलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. मानेला काही लागत नसतानाही पेशी तिथे पोचलेल्या असू शकतात, एवढाच याचा अर्थ. अण्णांच्या मानेलाही हाताला काहीच लागत नव्हतं.

"शेकानेच नवा कॅन्सर होतो." रेडिएशनने पुढे बऱ्याच वर्षांनी दुसरा कॅन्सर होण्याचा थोडा धोका असतो, हे डॉक्टर स्वतःच सांगतात. पण रिपोर्टात वर सांगितलेल्या खुणा असतील, तर शेक न घेतल्याने जुनाच कॅन्सर परत येण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा आणि जवळचा असतो. गाठ लहान असेल आणि सगळं मोकळं असेल, तर डॉक्टर शेक सांगतही नाहीत. सांगितलाय म्हणजे कारण आहे.

आणि यात वेळेला फार किंमत आहे. शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. साधारण ३० बैठका, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे दीड महिना. मध्ये खाडे पडले तर राहिलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. आपल्याकडे लावणी आली, गणपती आले की माणूस गावाकडे ओढला जातो. अण्णांच्या बैठका गणपतीतच आल्या. चतुर्थीला ते मुंबईत माझ्या मावशीच्या खोलीत नाकातल्या नळीने पेज घेत बसले होते, आणि भाऊ घरची आरती फोनवर ऐकवत होता. डोळ्यांना धार लागली होती, पण खाडा केला नाही. त्या दिवसांत तोंड आतून सोलवटतं, चव जाते, थुंकी आटते. हे कोणी लपवू नये. शेकाच्या आधी दात दाखवून घ्या, आणि नंतर कधीही दात काढायची वेळ आली तर दंतवैद्यांना शेक घेतल्याचं आधी सांगा. शेक लागलेल्या जबड्याची जखम सहजी भरत नाही.

"पुन्हा होणारच, मग सुपारी का सोडायची? ती नैसर्गिक आहे." या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान होतंय.

सगळं नीट करूनही कॅन्सर परत येऊ शकतो, हे मान्य. पण "येऊ शकतो" आणि "येणारच" यात अख्ख्या माणसाचं आयुष्य मावतं. शिवाय जो परत आला असं आपण म्हणतो, तो पुष्कळदा जुना नसतोच. दुसऱ्या गालाला किंवा जिभेला उठलेला तो नवा असतो. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीत भिजलेलं सगळं अस्तरच बिघडलेलं असतं, हे शास्त्रज्ञांनी १९५३ सालीच मांडलंय. बागायतवाल्यांना हे समजावून सांगायला नको. गेंड्या भुंग्याने खाल्लेला माड तोडला आणि शेणखताचा उघडा खड्डा तसाच ठेवला, तर भुंगा शेजारच्या माडावर जातोच. ऑपरेशनने माड काढला. खड्डा बुजवायचं काम आपलं.

आणि तो खड्डा एकट्या तंबाखूचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात तंबाखू नसलेलं पान आणि नुसती सुपारी, दोन्ही माणसाला कॅन्सर करणारी म्हणून नोंदवली. बागेतली असो, रोठा असो, भाजकी असो, तिच्यातलं अरेकोलीन हे रसायन तेच. त्याने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि सुपारी सोडली तरी तो ताठपणा सहसा पुरता जात नाही. आमचंही घर सुपारीवर चाललंय, त्यामुळे हे लिहिताना जड जातं. ती देवापुढे विड्यावर ठेवायची, बाजारात विकायची, पण ज्याला एकदा हा आजार झालाय त्याच्या तोंडात जाता कामा नये. मिश्रीही नको. बायकांची मिश्री कोणी मोजत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. विडी-सिगारेट आणि दारूचंही तेच. शेक चालू असताना जो विडी ओढत राहतो, त्याला शेकाचा गुणही कमी येतो.

अण्णांचा अडकित्ता आईने पितळेच्या डब्यात ठेवून दिलाय. त्या जागी आता आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी असते. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, म्हणजे तोंड उघडायचा व्यायाम होतो. सुरुवातीला नऊ मावायच्या, आता सतरा मावतात.

"वर्षभर काही नाही म्हणजे सुटलात." परत येणारे बहुतेक कॅन्सर पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात. म्हणजे पहिल्या वर्षानंतर तपासणी थांबवणं म्हणजे ऐन धोक्याच्या काळात पाठ फिरवणं. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी, मग चार-सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा, असा साधारण क्रम असतो. मानेला शेक लागलेल्यांची थायरॉईडची रक्ततपासणीही त्यात येते. खर्चाची भीती असेल तर, कॅन्सरच्या रुग्णाला उपचार-तपासणीसाठी जाताना रेल्वेचं स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. हॉस्पिटलकडून तो फॉर्म भरून घ्या.

दर रविवारी मी अण्णांना पडवीत उजेडाला बसवते, बॅटरी आणि चमचा घेते. दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू बघते, मग मानेवरून बोटं फिरवते. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कानात जाणारी कळ, मानेत गाठ, तोंड कमी उघडणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

हळद-लिंबाबद्दल: हळद जेवणात खुशाल घाला. पण तिने माणसांत कॅन्सर परत यायचा थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अशाच एका दाव्यानंतर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी मिळून लोकांना हे सांगितलं. आणि शेकाने सोलवटलेल्या तोंडाला लिंबू लावून बघा म्हणणाऱ्याने ते तोंड पाहिलेलं नाही.

काकांचे सहा आठवडे पुढच्या शुक्रवारी भरतात. काल संध्याकाळी त्यांच्या ओटीवर अण्णा दोन तास बसून आले, शर्टाची कॉलर खाली करून मानेवरचा व्रण दाखवून आले. रविवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने काका चिपळूणहून मुंबईला निघतायत. सोबतीला अण्णा.