‘मोठा आकडा घ्या, घट्ट आवळा’: स्केटबोर्डच्या ट्रकबद्दल फिरणारा सल्ला तपासून पाहू

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे चारदा आला. दोनदा मुलांसाठी बोर्ड घ्यायला निघालेल्या पालकांकडून, एकदा भाच्याकडून, आणि चौथ्यांदा चक्क दहा वर्षं बोर्ड चालवणाऱ्या मित्राकडून. ट्रक म्हणजे बोर्डखालचा, चाकं धरणारा धातूचा भाग; डेक म्हणजे पाय ठेवायची फळी; ओली म्हणजे बोर्डसकट मारलेली उडी. मेसेज थोडक्यात असा: ‘ट्रकवरचा आकडा जितका मोठा तितका ट्रक रुंद, मोठा आकडाच घ्या, मूल वाढलं तरी चालतो. नवशिक्यांनी ट्रक घट्ट आवळून ठेवावेत, बोर्ड डळमळत नाही. बुटका ट्रक सुरक्षित. हलका ट्रक घेतला की ओली उंच जाते. कुठलाही ट्रक कुठल्याही डेकवर बसतो. ट्रक कुरकुरायला लागला की समजा तो गेला, बदलून टाका.’

सहा सल्ले आहेत. त्यातला एक जवळजवळ खरा आहे, दोन अर्धवट आहेत आणि उरलेले खिशाला किंवा गुडघ्याला महागात पडणारे. आपल्याकडे चांगले ट्रक बाहेरून येतात आणि जोडीला काही हजार मोजावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडा. ट्रकची रुंदी म्हणून आपल्याला हवं असतं ते ॲक्सलचं माप. ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकांतून आरपार जाणारा पोलादी दांडा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत किती लांब आहे ते बघायचं. पण ट्रकवर छापलेला आकडा क्वचितच त्याचा असतो. इंडिपेंडंट कंपनीचे 139, 144, 149 हे आकडे मिलिमीटरमध्ये आहेत खरे, पण ते हँगरचे, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या धातूच्या भागाचे. 139 च्या हँगरमधून दोन्ही बाजूंना साधारण 32 मिलिमीटर ॲक्सल बाहेर येतो, तिथे चाक चढतं, आणि एकूण लांबी होते 203 मिलिमीटर, म्हणजे 8 इंच. व्हेंचर ही कंपनी हँगरचंच माप इंचांत देते; त्यांचा 5.2 म्हणजे ॲक्सल पुन्हा 8 इंच. एस कंपनीचे 33 आणि 44 तर कशाचंच सरळ माप नाहीत. 33 चा ॲक्सल 8 इंच, 44 चा 8.35 च्या आसपास.

आता मेसेजमधलं पहिलं वाक्य घेऊन दुकानात जा. समोर इंडिपेंडंट 144 आणि थंडर कंपनीचा 145 ठेवलेत. सल्ल्याप्रमाणे 145 रुंद असायला हवा. प्रत्यक्षात 144 चा ॲक्सल 8.25 इंच आहे आणि 145 चा 8. मोठ्या आकड्याचा ट्रक पाव इंचाने अरुंद! एका कंपनीच्या आकड्यांची आपापसांत तुलना करता येते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून हिशेब मांडला तर तो फसतो.

‘मूल वाढलं तरी चालतो’ हा भाग मला जास्त खटकतो. वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, वाढत्या अंगाचा ट्रक नाही. हे मी स्वतः करून बसलोय. माझ्या पहिल्या नीट बोर्डला 8 इंची डेकवर मी 149 लावले होते, म्हणजे साडेआठ इंचांचे. दोन्ही बाजूंना चाकं डेकबाहेर डोकावायची. ढकलताना मागच्या पायाची टाच चाकावर घासायची, आणि एकदा चाकच थांबलं, मी नाही. बोर्ड वळायलाही आळशी झालं होतं, कारण रुंद ट्रकला कलवायला जास्त जोर लागतो. उलट टोकाला, डेकपेक्षा फार अरुंद ट्रक लावला तर पाय कडेवर पडताच बोर्ड उलटू पाहतं.

ॲक्सल आणि डेकच्या रुंदीत पाव इंचापर्यंत फरक असला तरी काही बिघडत नाही. किंचित अरुंद ट्रक मुद्दाम पसंत करणारेही आहेत, त्यांना चटकन वळणारं बोर्ड हवं असतं. चाकं चढवून बोर्ड उलटं धरा आणि वरून बघा: चाकाची बाहेरची बाजू डेकच्या कडेच्या आसपास आली की झालं. चाक जाड आहे की निमुळतं यानेही दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. रुंदीचा हा प्रश्न तसा फार जुना नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत लोक रोलर स्केटचे अरुंद ट्रकच फळीला ठोकत होते. कॅलिफोर्नियात 1975 मध्ये ट्रॅकरने खास स्केटबोर्डसाठी रुंद ट्रक आणले आणि मग डेकही रुंदावत गेले.

दुसरा सल्ला, ‘घट्ट आवळा’, सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा. बोर्ड वळतं कशामुळे? किंगपिनवर, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टवर, वर-खाली दोन रबरी बुशिंग असतात. तुम्ही एका कडेवर वजन टाकता, बुशिंग दबतं, हँगर तिरपा फिरतो आणि चाकं वळणाच्या दिशेला तोंड करतात. वजन काढलं की रबर हँगरला मधोमध आणून सोडतं. ही कल्पना स्केटबोर्डची नाहीच. जेम्स प्लिंप्टनने न्यूयॉर्कमध्ये 1863 साली चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं त्यातही कलायला रबरच होतं. सगळं काम तेव्हाही रबर करत होतं, आजही तेच करतं.

किंगपिनचा नट आवळत गेलात की ते रबर आधीच अर्धं चेपलेलं राहतं, त्यामुळे कलायला जागा उरत नाही. नवशिक्याला वाटतं बोर्ड स्थिर झालं. खरं तर ते वळेनासं झालेलं असतं. मग मूल वळायला शिकतच नाही. प्रत्येक वळणाला मागचा पाय दाबून पुढची चाकं उचलतं आणि फळी ओढून फिरवतं. पुढे कधी नट सैल केला की सगळं नव्याने शिकावं लागतं. शिवाय कायम चेपलेलं रबर वॉशरच्या कडेने फुगतं, मग त्याला तडे जातात.

यातलं खरं तेवढं मान्य करतो: फार सैल ट्रकवर उतारावर वेग आला की बोर्ड थरथरायला लागतं, आणि ती थरथर आवरणं नवशिक्याच्या हातात नसतं. पण त्याचा उपाय बहुतेक वेळा पान्यात नसतो, बुशिंगमध्ये असतो. बुशिंगचा कडकपणा आकड्यात सांगतात, साधारण 78ए ते 100ए. आकडा वाढेल तसं रबर कडक. नव्या ट्रकमध्ये बहुतेक 90ए च्या आसपासचं असतं, म्हणजे मध्यम वजनाच्या मोठ्या माणसाला धरून. आता विचार करा, ऐंशी किलोचे बाबा आणि तीस किलोची मुलगी एकाच बुशिंगवर उभे आहेत. बाबांना बोर्ड लुळं वाटणार आणि मुलीला लाकडाचा ओंडका. बाबांनी नट आवळायचा नाही, 95 च्या आसपासचं बुशिंग घालायचं. मुलीने ऐंशीच्या घरातलं मऊ बुशिंग घालायचं. खर्च ट्रकच्या किमतीचा छोटासा भाग, आणि काम दहा मिनिटांचं.

सुरुवात कुठून करायची हे विचारणाऱ्यांसाठी: किंगपिनचं टोक नटाच्या वरच्या पातळीला येईल इतपत आवळा, आठवडाभर चालवा, मग पाव-पाव फेरा इकडेतिकडे. पाना 9/16 इंचीच घ्या. 15 मिलिमीटरचा पाना ढिला बसून नटाच्या कडा गोल करतो. चाकांचा नट वेगळा, त्याला अर्ध्या इंचाचा लागतो.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘घट्ट करूनही बोर्ड विचित्र वळतं’ म्हणून एका पालकांनी मला बोर्ड दाखवलं. ट्रक उलटे बसवले होते. नेहमीच्या ट्रकमध्ये बुशिंगची बाजू बोर्डच्या मध्याकडे येते. इथे ती बाहेर, टोकांकडे होती. अशा बोर्डवर डावीकडे कललात की ते उजवीकडे जातं. पोरगी महिनाभर त्यावर पडत होती आणि सगळे तिला म्हणत होते, ‘अगं, तोल सांभाळ!’

बुटका ट्रक सुरक्षित? गुळगुळीत सिमेंटच्या पार्कमध्ये, 50-52 मिलिमीटरच्या लहान कडक चाकांवर, हो, पाय जमिनीच्या जवळ राहतात आणि बरं वाटतं. पण आपल्यातले बहुतेक जण पार्कात शिकत नाहीत. सोसायटीच्या आवारात, पेव्हर ब्लॉकवर शिकतात. त्या फटींवर लहान कडक चाक अडकतं, म्हणून शहाणी माणसं मोठी, मऊ चाकं लावतात; आणि मोठं चाक बुटक्या ट्रकवर, त्यातून मऊ बुशिंगवर बसवलं की वळताना ते डेकच्या पोटाला टेकतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. याला व्हीलबाइट म्हणतात. बोर्ड थांबतं आणि माणूस पुढे जातो. म्हणजे सुरक्षित म्हणून घेतलेला ट्रकच पाडतो. चाक 56 मिलिमीटरच्या वर असेल तर ट्रक उंच घ्या, नाहीतर ट्रक आणि डेकच्या मध्ये 3 मिलिमीटरचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, घाला. रायझर घातला तर बोल्टही थोडे लांब लागतात, हे दुकानदार सांगायला विसरतात.

हलक्या ट्रकबद्दल फार लिहीत नाही. पोकळ ॲक्सल किंवा टायटेनियमच्या जोडीत वाचतात ते शंभरेक ग्रॅम. पूर्ण बोर्डचं वजन दोन-सव्वादोन किलो. तासन्‌तास फ्लिप मारणाऱ्याच्या, म्हणजे बोर्ड हवेत गरकन फिरवणाऱ्याच्या, पायाला तो फरक जाणवतो. ज्याची ओली अजून वीट ओलांडत नाही, त्याची अडचण ग्रॅमची नसते. टेल, म्हणजे डेकचं मागचं टोक, आपटायची वेळ आणि पुढचा पाय ओढायची सवय ही असते.

‘कुठलाही ट्रक कुठल्याही डेकवर बसतो’ हे मात्र आज जवळपास खरं आहे. पूर्वीच्या डेकवर ट्रकच्या बोल्टांच्या भोकांचा आयत लांब होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो आखूड झाला आणि सगळ्यांनी तोच धरला. काही बेसप्लेटवर, म्हणजे ट्रकच्या डेकला चिकटणाऱ्या तळावर, चारऐवजी सहा भोकं दिसतात, ती दोन्ही मापांसाठीच. जुनं किंवा जुन्या घाटाचं रुंद डेक घेतलं असेल तरच आधी भोकं मोजा.

पण बसणं आणि सारखं चालणं यात फरक आहे, आणि मेसेज नेमका इथेच गप्प आहे. त्याच भोकांवर बसवूनही सगळ्या ट्रकचा ॲक्सल एकाच जागी येत नाही. थंडर आणि व्हेंचरमध्ये चाकं टोकांकडे सरकतात, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढतं. बोर्ड सरळ, शांत चालतं. एस आणि इंडिपेंडंटमध्ये ते अंतर कमी, त्यामुळे वळण आखूड आणि चपळ. तेच डेक, तीच चाकं, तेच बुशिंग ठेवून फक्त ट्रक बदलला की बोर्ड वेगळं का वाटतं, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. दोन ट्रकमध्ये निवड करायची असेल तर मी आधी मित्राचं बोर्ड मागून एक चक्कर मारतो. लेजवर ग्राइंड करत, म्हणजे कठड्यावर ट्रक घासत, सरळ जायची आवड असेल तर पहिल्या जातीचे, बोलमध्ये, म्हणजे पार्कातल्या वाटीसारख्या खोलगट भागात, गोल फिरायचं असेल तर दुसऱ्या. नवशिक्याला दोन्ही चालतात, फक्त ॲक्सल डेकला जुळलेला हवा.

राहिली कुरकुर. नवा ट्रक कुरकुरतोच; हँगरची नाकासारखी पुढे आलेली टोकदार बाजू बेसप्लेटमधल्या प्लॅस्टिकच्या वाटीत, म्हणजे पिव्हट कपमध्ये, फिरते आणि कोरडी घासते. नट सोडा, हँगर उचला, त्या वाटीत कपडे धुवायच्या साबणाचा थोडा कीस टाका, परत जोडा. तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ बसते. तरीही आवाज आला तर वाटी बाहेर काढून बघा. ती फाटली असेल तर फक्त ती बदला, ट्रक नाही. माझ्या आताच्या ट्रकमध्ये तिसरी वाटी चालू आहे आणि ट्रक अजून तोच आहे.