बँकॉकला राहते म्हटलं की लोक गालात हसतात, त्याबद्दल

जानेवारीत इथे आले, आता जून लागला. लिहू लिहू म्हणत राहूनच जात होतं, पण मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर आज लिहायचंच ठरवलं.

पोस्टिंगचे पेढे वाटले तेव्हा निम्मे लोक गालात हसले होते. "बँकॉऽक? मजाय बुवा!" नवरा अजून डोंबिवलीतच आहे, त्याला लोकांनी काय काय विचारलं ते इथे लिहवत नाही. सिंगापूरला निघाले असते तर याच लोकांनी कौतुकाने स्टेटस ठेवले असते.

मी ऑन नुटला राहते, ऑफिस असोकला, स्कायट्रेनने पाच स्टेशनं. इतकी वर्षं डोंबिवली फास्ट केल्यामुळे गर्दीचं मला काही वाटत नाही, पण इथली गर्दी बघून पहिल्या दिवशी मी नुसती उभी राहिले. प्लॅटफॉर्मवर बाण काढलेत, त्यांच्यामागे रांगा, आधी आतले उतरणार मग बाहेरचे चढणार, डबा खच्चून भरलेला आणि तरी शांत. सकाळी आठला राष्ट्रगीत लागतं, संध्याकाळी सहालाही, तेव्हा स्टेशनवरची माणसं चालता चालता जागच्या जागी थांबतात आणि संपलं की परत आपली चालायला लागतात. रात्री साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जॅकेटवाल्या बाइक टॅक्सीवर मी एकटी बसून घरी येते आणि पर्स छातीशी धरून बसावंसं एकदाही वाटलेलं नाही. ज्यांना मजा मजा वाटते ना, त्यांना माझी ही मजा सांगायचीय.

आणि भाषा! कानाला सगळं परकं, पण जरा खरवडलं की खाली आपलं काहीतरी निघतंच. गाडीत अनाउन्समेंट होते "सथानी तॉ पाय, असोक", यातलं सथानी म्हणजे आपल्या स्थानकाचंच भावंड आणि असोक म्हणजे अशोक. शहराचे 50 भाग आहेत, त्यांना खेत म्हणतात, म्हणजे क्षेत्र. शाकाहारीला शब्द आहे मांगसविरत, मांस आणि विरती. मंगळवारला वान अंगखान म्हणतात हे कळलं तेव्हा मी आईला फोनच लावला, म्हटलं आई, इथे दर मंगळवारी अंगारक! सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर गणपती आहे, त्याला म्हणतात फ्रा फिकनेत, म्हणजे विघ्नेश, आणि ऑफिस सुटलेल्या मुली बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याच्यापुढे झेंडूच्या माळा वाहतात.

सगळंच छान आहे असं नाही. आले तेव्हा हवेत इतका धूर होता की आठवडाभर घसा धरला, एप्रिलच्या उन्हाचं तर बोलूच नका, आणि फूटपाथवरून स्कूटर घालतात त्याचा मला रोज राग येतो.

पण ज्यांच्यासाठी ही पोस्ट लिहितेय ती माणसं वेगळी आहेत. आमच्या गल्लीत एक बाई सोम तामची गाडी लावते. कच्च्या पपईचे लांब कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे आणि सुकी कोलंबी मातीच्या उखळीत ठेचून देते. ती कोलंबी म्हणजे आपले सोडेच हो, आणि शेजारच्या डब्यात कापी असते, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा लगदा, तो डबा उघडला की थेट आमच्या चिपळूणच्या घरातला जवळा. मी तिला पा म्हणते, म्हणजे मावशी. भेटली की पहिला प्रश्न, "किन खाव रू यांग?" जेवलीस का? ती इसानची, थायलंडच्या ईशान्येकडची. तिकडची शेती पावसाच्या भरवशावर, जमीन हलकी, म्हणून घरटी कोणीतरी बँकॉकला. टॅक्सी चालवणारे, इमारती बांधणारे, हॉटेलात भांडी घासणारे, कितीतरी जण इसानचे. सोंगक्रानला, म्हणजे 13 एप्रिलच्या त्यांच्या नववर्षाला, शहर असं रिकामं झालं की मला गणपतीतली मुंबई आठवली. चाकरमानीच सगळे.

तर रविवार. चितलोमहून स्कायट्रेनने घरी येत होते, नाना स्टेशनला चार-पाच पुरुष चढले, पन्नाशीच्या आगेमागे, गळ्यात टूरचे टॅग, मराठी बोलत. समोर एक मुलगी उभी होती, कुठल्यातरी दुकानाच्या युनिफॉर्ममध्ये, दमलेली, एकेक टाच बुटातून बाहेर काढून पायांना आराम देत होती. तिच्याकडे बघून एकाने तिचा रेट विचारला, मोठ्याने, मराठीत, आणि बाकीचे हसले. मी म्हटलं, "काका, मला मराठी कळतं." एवढंच. एकजण सॉरी ताई म्हणाला, बाकीच्यांनी मोबाइल काढले आणि फ्रॉम फोंगला उतरून गेले. मुलगी एक्कमाईला उतरली, तिला यातलं काहीच कळलं नव्हतं, पण मला तिच्याकडे बघवेना.

देहविक्रीच्या त्या गल्ल्या आहेत, नाही म्हणत नाही, माझ्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर एक आहे. पण तिथे काम करणाऱ्या मुलीही बऱ्याच त्याच इसानच्या, त्याच बसने आलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या. आणि त्या चार गल्ल्यांवरून तुम्ही अख्ख्या शहरातल्या बायकांची किंमत लावणार? पेढा खाताना जे हसलात ना, ते हसू त्या डब्यातल्या हसण्यापर्यंत येऊन पोचतं. मला राग आलाय आणि तो मला लपवायचा नाही.

पा सोंगक्रानहून परत आली तेव्हा माझ्यासाठी पिशवीभर चिकट तांदूळ घेऊन आली, तिच्या शेतातला. मी गणपतीचं तिकीट काढलंय. तिला ट्रान्सलेटरवर सांगितलं की येताना आमच्याकडचे सोडे आणते. तिने विचारलं, किती दिवस गावाला? म्हटलं दहा. तर उखळीतलं ठेचणं थांबवून म्हणाली, कमी आहेत.