‘सिस्टिम३२’ दिसलं म्हणजे विंडोज ३२ बिटची नसते

संगणकाविषयीचा एक मजकूर खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ३२ बिटची ऑपरेटिंग सिस्टिम ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही, ६४ बिटची तिच्या दुप्पट वेगाने चालते, आणि ‘सिस्टिम३२’ फोल्डर दिसला की विंडोज ३२ बिटची समजावी. तिन्ही विधानं चुकीची आहेत. पहिल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते जास्त फसवतं.

३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १च्या ३२ घरांत, मेमरीतल्या जागांचे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात; एका पत्त्याला एक बाइट, म्हणजे ४ जीबी. हे गणित बरोबर आहे, पण ही मर्यादा एका वेळी एका प्रोग्रॅमला दिसणाऱ्या पत्त्यांची. मशीनमध्ये रॅम किती बसवता येईल, हा वेगळा प्रश्न. १९९५च्या पेंटियम प्रोमध्येच इंटेलने पीएई (फिजिकल ॲड्रेस एक्स्टेन्शन) ही जास्त रॅम वापरू देणारी सोय दिली. रॅमचे पत्ते ३६ बिटांचे झाले आणि मर्यादा ६४ जीबीवर गेली. ३२ बिटच्या लिनक्सने ती वापरली, विंडोज सर्व्हरच्या मोठ्या आवृत्त्यांनीही वापरली. घरगुती विंडोज मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवरच थांबवली, कारण त्यापुढचा पत्ता आला की कित्येक ड्रायव्हर (जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) कोलमडत. तो कंपनीचा निर्णय होता, बिटांचा नाइलाज नव्हता.

वेगाचं म्हणाल तर एएमडीने २००३मध्ये बाजारात आणलेल्या ६४ बिट रचनेत सर्वसाधारण रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा, ८च्या १६ झाल्या आणि प्रत्येक ६४ बिटची झाली. मोठ्या संख्यांच्या आकडेमोडीला याचा चांगला फायदा होतो. पण पॉइंटरही (प्रोग्रॅममध्ये साठवलेले मेमरीचे पत्ते) ४ऐवजी ८ बाइटचे होतात आणि कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, लवकर भरते. सरसकट दुप्पट काहीच होत नाही.

फोल्डरच्या नावावर विसंबून कुणी धडधाकट विंडोज पुसून टाकली, तर मला खरंच वाईट वाटेल. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या फायली ‘सिस्टिम३२’मध्येच असतात आणि ३२ बिटच्या ‘सिसवॉव६४’मध्ये! जुन्या प्रोग्रॅमांत तो मार्ग पक्का लिहिलेला होता, म्हणून नाव बदललं नाही.

मुळात चिप (प्रोसेसर), कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि प्रोग्रॅम या तिघांचे बिट वेगवेगळे असू शकतात. २००९च्या मॅक ओएस स्नो लेपर्डमध्ये अनेक मॅकवर कर्नल ३२ बिटचं सुरू होई, तरी त्यावर ६४ बिटचे प्रोग्रॅम चालत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम टाइप’पुढे सिस्टिम आणि प्रोसेसर दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असतात. तिथे ३२ बिटची सिस्टिम आणि एक्स६४ (म्हणजे ६४ बिटचा) प्रोसेसर अशी जोडी दिसली, तर त्याच मशीनवर ६४ बिटची सिस्टिमही बसवता येते.