कारण विचारू नका, दिवस मोजा

सोयाबीन गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, पोरीचं लग्न तोंडावर आलं, मग माणूस उदास राहणारच, त्यात आजार कसला? मराठवाड्यात हे घरोघर ऐकू येतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की नैराश्याच्या उपचाराला उशीर होतो तो यामुळेच. पाय घसरून हाड मोडलं, तर घसरण्याचं कारण माहीत आहे म्हणून आपण प्लास्टर टाळतो का?

कारण राहू द्या, दिवस मोजा. सलग 2 आठवडे, जवळपास रोज, मन उदास किंवा कशातच गोडी नाही. सोबत झोप आणि भूक बिघडलेली, थकवा, लक्ष न लागणं, 'मी सगळ्यांना भार झालो' असं वाटणं, मरणाचे विचार. यातल्या 5 खुणा असतील आणि कामं अडत असतील, तर ते नैराश्य समजून डॉक्टर गाठा. दुःखातला माणूस नातू मांडीवर आला की घडीभर हसतो. नैराश्यात बऱ्याचदा तेवढंही होत नाही. अनेकांना पहाटे 3-4 वाजताच जाग येते, सकाळ जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. 'कामाच्या वेळी पडून राहतो अन् सांजच्याला पारावर बसतो' हा टोमणा इथूनच येतो.

आपल्याकडं 'मला नैराश्य आलंय' कुणी म्हणत नाही. 'करमंना', 'अंगात त्राण नाही', 'छातीत धडधडतं' म्हणतात. मग सलाईन, ईसीजी, पुन्हा सलाईन. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 तपासावंच. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे 'काही नाही' असं नव्हे.

दुसरी बाजू तर सांगितलीच जात नाही. 3 तास झोपूनही थकवा नाही, तोंड थांबत नाही, मोंढ्यातून उचल घेऊन नको ते सौदे. घरचे म्हणतात, 'आता कसा हुशारला!' असे 4 दिवस गेले तरी डॉक्टरांना सांगा. आठवडाभर टिकलं तर तो उन्माद, म्हणजे मन नको इतकं चढण्याचा आजार, असू शकतो. बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद असा आजार, असताना नुसती नैराश्याची गोळी दिली, तर माणूस उन्मादात जाऊ शकतो.

नैराश्याच्या गोळीचा गुण 2 ते 4 आठवड्यांनी दिसू लागतो. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून लोक आठव्या दिवशी सोडतात. बरं वाटल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवावी लागते. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. हे व्यसन नव्हे. सवय लागते ती मेडिकलवरून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची. नवस करा, दर्ग्यावर जा, माझी हरकत नाही. गोळी तेवढी चालू ठेवा.

बायपोलरवरची लिथियमची गोळी चालू असेल तर आपला उन्हाळा सांभाळा. रानात घाम गाळणं, जुलाब, निर्जळी उपवास, बीपीसाठी एकदम मीठ तोडणं, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, या सगळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. रिपोर्टमध्ये ते साधारण 0.6 ते 1.0 मिलीमोल प्रति लिटरच्या आत हवं. तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी न घेता द्यायचं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना.

'माझ्यामागं लेकरांना बघा' असं कुणी बोललं, तर मरणाचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन नंबर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलतात. पोलीस केसच्या धाकानं काही लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानलं जातं.

पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत न्या, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं घ्या आणि मागच्या 14 रात्री किती तास झोप झाली ते वहीच्या पानावर लिहून न्या.