ब्रेकिंग न्यूजमध्ये येण्याची पूर्वतयारी

खान्देशातल्या मंडळींची एक जुनी कुरकुर आहे. आमच्याकडे माणसं गेली की जिल्हा आवृत्तीत पान भरतं आणि मुंबई-पुण्याच्या पेपरात सिंगल कॉलम येतो, तोही उशिरा जाहिरात आली की उडतो. माध्यमांना नावं ठेवण्याआधी जरा स्वतःकडे बघा. तुम्हाला नीट मरताच येत नाही.

यावल तालुक्यातल्या किनगावचंच घ्या. फेब्रुवारी 2021, मध्यरात्र. पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसलेले पंधरा मजूर पपईखाली दबून गेले. आभोडा, केऱ्हाळा, रावेरकडची माणसं, त्यात बायका आणि पोरंही. आता यातल्या चुका मोजा. मध्यरात्र, म्हणजे पेपर छपाईला गेलेला. वाहन मालाचं, म्हणजे ना तिकीट, ना रिझर्व्हेशनचा चार्ट. मेले ते ‘प्रवासी’सुद्धा नाहीत. आणि पपई! टीव्हीवर त्याची ग्राफिक्स कशी करायची बिचाऱ्यांनी? मुहूर्तही चुकलाच. मराठी चॅनलांवर तेव्हा एका मंत्र्याचं प्रकरण तापलेलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मध्य प्रदेशात सिधीजवळ बस कालव्यात पडून पन्नासच्या वर माणसं गेली. पंधराचा आकडा चोवीस तासांत शिळा झाला.

मुहूर्ताचं आपल्या लोकांना वावडंच दिसतं. 2019च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषाजवळ नर्मदेत भाविकांची नाव उलटली. लहान मुलंही होती. नेमकं त्याच दिवशी प्रयागराजला कुंभाचं पहिलं शाही स्नान होतं. कॅमेरे गंगेवर, आणि हे बुडाले नर्मदेत.

त्यापेक्षा पाचोरा तालुक्यातल्या परधाडे स्टेशनाचा धडा गिरवा. 22 जानेवारी 2025, आग लागल्याची अफवा, कुणीतरी साखळी ओढली, पुष्पक एक्सप्रेसमधून खाली उतरलेली माणसं समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. संध्याकाळची वेळ, म्हणजे प्राइम टाइमपर्यंत मजकूर जुळवायला पुरेशी सवड. लखनौ, मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, चारही ठिकाणचे प्रेक्षक आपोआप जोडलेले. डब्याडब्यात मोबाइल. अफवा कोणी उठवली यावर चर्चेला चार पाहुणे बसवता येतात, पपईवर कुणाला बसवणार? सैफ अली खानवरच्या हल्ल्याची बातमी तेव्हा गाजत असूनही पाचोरा तालुक्याला जागा मिळाली. गेलेल्यांत बरेचजण उत्तर प्रदेशचे आणि नेपाळचे होते, खान्देशचा वाटा म्हणजे रूळ आणि अॅम्ब्युलन्स, हा भाग वेगळा. तीही हवा आठवडाभरच टिकली. 29 तारखेला कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि परधाडे पुन्हा पॅसेंजर थांबण्यापुरतं उरलं.

हे मी मनाचं सांगत नाही, याला शास्त्र आहे. आयझेन्सी आणि स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे 5,000 आपत्ती घेऊन अमेरिकी टीव्हीनं कशाला किती जागा दिली ते तपासलं. 2007 साली त्यांचा निबंध छापून आला. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढी मिळवायला अन्नटंचाईत 40,000 माणसं मरावी लागतात. ऑलिम्पिक सुरू असेल तर आणखी पंचाईत. तेव्हा कुपोषणाचा नाद सोडा आणि ज्वालामुखीचं बघा. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्हाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षं आधी वाहून मोकळा झाला. तेव्हाही मेलं आपलं टायमिंग चुकलंच.

पुढचा मुद्दा: एकदम मरू नका, उत्कंठा ठेवा. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेल्या पाणबुडीत पाचजण होते, त्यांच्या शिल्लक प्राणवायूचे तास जगभर मोजले गेले. त्याच्या चारच दिवस आधी ग्रीसजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली होती. तिच्यात सुमारे साडेसातशे माणसं होती, बहुतेक बुडाली. यांचे तास कुणी मोजले नाहीत, कारण पाणबुडीचं तिकीट अडीच लाख डॉलरचं होतं. तुम्ही ट्रकच्या हौद्यात फुकट बसता आणि वर अपेक्षा धरता.

रडण्याचीही रीत असते. माइक तोंडाशी आला की ‘मना पोऱ्या गया वं माय’ म्हणून हंबरडा फोडू नका. अहिराणी स्टुडिओत कुणाला कळत नाही, सबटायटल लावायला माणूस नाही. पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत तर मुळीच नको. ‘बहुत अच्छा लडका था’ एवढं पाठ करून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचा एकेक हसरा फोटो काढून ठेवा. आधार कार्डावरच्या फोटोत माणूस मेल्याआधीच मेलेला दिसतो, अँकरला गहिवरायला काही आधार मिळत नाही.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही अशी माणसं नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर राहतात. तिथे बाळंतपणाला आलेली बाई अजून बांबूच्या झोळीतून डोंगर उतरते, पावसाळ्यात ओढा आडवा आला की वाट बघत थांबते. ही बातमी दरवर्षीचीच, त्यामुळे बातमी नाही. व्हिडिओ असेल तरच चालते. म्हणून झोळीला खांदा देणाऱ्यांखेरीज एक माणूस मोबाइल धरायला जादा न्या. मोबाइल आडवा धरायचा, उभा व्हिडिओ टीव्हीवर बसत नाही. बाईचा चेहरा दिसला पाहिजे, कण्हण्याचा आवाज आला पाहिजे, मागे एखादा ‘विकासकामां’चा फलक मिळाला तर उत्तमच. रेंज येते त्या टेकाडावर झोळी खाली ठेवायची, व्हिडिओ पूर्ण गेल्याची खात्री करायची आणि मग दवाखान्याकडे निघायचं.