९९.९९ टक्क्यांचा हिशेब आणि मार्करची निवड: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही थोडे लांबणार. मत्स्यशेतीतील माशांचे पालक ओळखण्यासाठी १२ मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतील अशा ओळखखुणा, जिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची लांबी माशागणिक बदलते) पुरेसे होतात आणि पालक ९९.९९ टक्के खात्रीने सापडतात, असे मी मूळ लेखात लिहिले होते. त्यावर आपले आक्षेप तीन: मायक्रोसॅटेलाइट कालबाह्य झाले असून एसएनपीच (डीएनएतील एकाच अक्षराचे फरक) वापरायला हवेत, ९९.९९ टक्क्यांचा माझा आकडा फसवा आहे. आणि आपल्या उदाहरणातील ५ नर व ५० माद्यांच्या प्रजनक साठ्यात, पुढच्या पिढीचे ५० मासे तपासल्यावर, विषमयुग्मजता (एका स्थानी दोन वेगळी रूपे असण्याचे प्रमाण) टिकून असल्याचे दिसत असताना अंतःप्रजननाची (जवळच्या नातलगांतील प्रजननाची) भीती घालणे अनाठायी आहे. यांपैकी दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धा, आणि तिसरा मुळीच नाही.

आधी माझी चूक. ९९.९९ टक्के ही एखादी चुकीची जोडी वगळली जाण्याची शक्यता आहे. प्रत्येक पिल्लाचे आईबाप बरोबर सापडण्याची नव्हे. १०० नर आणि १०० माद्या एकत्र सोडल्या, तर संभाव्य जोड्या १०,००० होतात, आणि खऱ्या जोडीखेरीज सरासरी आणखी एक खोटी जोडी प्रत्येक पिल्लाला चिकटून राहते. याउलट कोणत्या मादीची अंडी कोणत्या नराकडून फलित करून घेतली याची नोंद असेल आणि असे १०० च संकर झाले असतील, तर त्याच मार्करांनी खोटी जोडी शंभर पिल्लांमागे एखाद्यालाच लागते. हॅचरीतली नोंदवही हाही एक मार्करच आहे, आणि तो बहुधा सर्वांत स्वस्त.

एसएनपीच्या बाजूने आपण जे म्हणता त्यातील बराच भाग खरा आहे. एका एसएनपीला सहसा दोनच रूपे असतात. एक पालक माहीत असताना दुसरा खोटा पालक वगळण्याची त्याची कमाल शक्यता १८.७५ टक्के, म्हणून त्यांची संख्या शंभराच्या घरात न्यावी लागते. पण ते आता जड राहिलेले नाही, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल थेट जुळवता येतात. मायक्रोसॅटेलाइटची खोड वेगळीच आहे. समजा, बोटुकलीत (बोटभर पिल्लात) एका स्थानी १५०/१५० दिसते (दोन प्रतींतील तुकड्यांच्या या लांब्या, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली), आईत १५०/१५८ आणि नोंदीतल्या नरात १४६/१४६. कागदावर हा नर बाप ठरत नाही. परंतु नराच्या दुसऱ्या प्रतीत नेमका प्रायमर (प्रती काढणे सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटण्याच्या जागीच बदल झालेला असेल, तर ती प्रत पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, वाढतच नाही. बोटुकलीने तीच अदृश्य प्रत उचललेली असते आणि खरा बाप विनाकारण बाद होतो. त्यात वाचनातील साध्या चुका मिळवा. चुकीचे प्रमाण १ टक्का धरले, तरी आई, बाप आणि पिल्लू मिळून १२ स्थानांची ३६ वाचने होतात, आणि सुमारे ३० टक्के त्रिकुटांत किमान एक वाचन चुकलेले असते. म्हणूनच एका स्थानावरच्या विसंगतीवरून निकाल देऊ नये. मी तसे लिहिलेही होते, पण तळटीपेत. ते मुख्य मजकुरात असायला हवे होते.

मात्र एसएनपी घेतले की प्रश्न मिटला, हे पटत नाही. पालकत्वाच्या संचासाठी त्या वाणात दोन्ही रूपे भरपूर आढळतात असेच एसएनपी निवडले जातात. साहजिकच त्यांच्यावर मोजलेली विषमयुग्मजता त्या वाणात चढी येते, आणि दुर्मीळ रूपे तर संचात मुळात नसतातच. अशा संचाने दोन समष्टींची (आपापसांत प्रजनन करणाऱ्या माशांच्या गटांची) तुलना करणे म्हणजे निवडीचाच परिणाम पुन्हा मोजणे होय. नॉर्वेजियन अटलांटिक सॅमनमध्ये पाळीव आणि रानटी मासे वेगळे ओळखण्यासाठी २०११ मध्ये ६० एसएनपी पुढे आले, ते सुमारे ७,००० मधून नेमक्या त्याच कामासाठी वेचलेले होते.

आता आपला तिसरा मुद्दा. ५ नर आणि ५० माद्या म्हणजे दिसायला ५५ प्रजनक, पण प्रभावी संख्या (आनुवंशिक विविधता किती वेगाने घटेल हे ठरवणारी संख्या) नर व मादी संख्यांच्या गुणाकाराची चौपट भागिले त्यांची बेरीज, म्हणजे सुमारे १८. एका पिढीत विषमयुग्मजता यामुळे जेमतेम पावणेतीन टक्क्यांनी घटते: ०.७० ची ०.६८ होते, आणि ५० माशांच्या नमुन्यात हा फरक सहज लपतो. तोच साठा तसाच चालवला, तर दहा पिढ्यांत मूळच्या सुमारे चतुर्थांश विषमयुग्मजता गेलेली असते. दुर्मीळ अ‍ॅलील (स्थानावरची रूपे) मात्र पहिल्या पिढीतच गळू लागतात, म्हणून आधी अ‍ॅलीलांची संख्या पाहावी. शिवाय १८ हा आकडा सर्व प्रजनकांचा वाटा सारखा धरून आलेला आहे. गिल्टहेड सीब्रीमसारख्या सामूहिक प्रजनन करणाऱ्या माशांत बहुतांश पिल्ले मोजक्याच पालकांची निघतात. तिथे खरी संख्या याहून खाली जाते, आणि ती किती खाली गेली हे पालकत्व तपासल्यावरच कळते.

मूळ लेखातील ९९.९९ टक्क्यांचे वाक्य मी दुरुस्त केले आहे. एक विचारायचे राहिले: आपण तपासलेले ५० मासे एकाच टाकीतून, एकाच जाळ्यात काढलेले होते का? तसे असल्यास त्यांत सख्खी-सावत्र भावंडेच जास्त असण्याची शक्यता आहे, आणि मग टाक्याटाक्यांमध्ये दिसणारा फरक समष्टींमधील वाटला, तरी तो निव्वळ कुटुंबांमधलाही असू शकतो.